‘आता पुरे’ म्हणणारी चिठ्ठी



या पानावर नेहमी येणाऱ्यांना माझे विषय ठाऊक आहेत. जुनी पत्रं, जुन्या वाटा, गावोगावची दप्तरं. आज मात्र रक्तातल्या पेशींबद्दल लिहायचं आहे. मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. तीसेक वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यामुळे ‘हे काय आता नवीनच?’ असं भाचे-पुतण्यांच्या मनात येईल, ते आलं तरी चालेल. लेख इतिहासाचाच आहे. शोध कुणाला लागला, कसा लागला, किती वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि मग सगळे एकदम का धावले, हे सारं इतिहासातच मोडतं. विज्ञानाचा भाग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून समजून घेतला. ती महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दोन रविवार माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तिने मला शिकवलं. एकदा तर ‘बाई, लक्ष कुठे आहे?’ असंही म्हणाली. :)

निमित्त असं झालं, की ७ ऑक्टोबर २०२४ ला वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना जाहीर झालं. मायक्रोआरएनए नावाच्या अगदी चिमुकल्या रेणूच्या शोधासाठी. वर्तमानपत्रातली बातमी मी कापून ठेवली. का ठेवली, ते पुढे सांगते. आधी कोंबड्यांची गोष्ट.

कोंबडीच्या शेपटीकडच्या बाजूला, विष्ठामार्गाला लागून एक छोटी पिशवी असते. इटलीत पादुआच्या विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीरशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी तिचं वर्णन लिहून ठेवलं. ते छापून आलं १६२१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. पिशवीला त्यांचं नाव मिळालं, ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’. पण ती करते काय? तीनशे वर्षांहून अधिक काळ याचं धड उत्तर कुणाकडे नव्हतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या प्राध्यापकांना विचारलं, की या पिशवीचं काम काय? प्राध्यापक म्हणाले, प्रश्न चांगला आहे, उत्तर तूच शोध. (शिक्षकाला उत्तर येत नसेल तेव्हा याहून चांगलं काही बोलता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.) ग्लिकने काही पिल्लांच्या पिशव्या काढून टाकल्या. पिल्लं वाढली, त्यांना काही झालेलं दिसेना. पुढे त्याचा सोबती टिमोथी चँग याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. जंतूंचा अंश टोचला की कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडं कशी तयार होतात, ते. त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून नेल्या. प्रात्यक्षिक साफ फसलं. प्रतिपिंडं तयारच झाली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, की या पिशवी काढलेल्या कोंबड्या!

वर्गातला फसलेला प्रयोग म्हणजे वैताग. पण या दोघांनी तिथे थांबून विचार केला. त्यांनी लिहिलेला निबंध एका मोठ्या विज्ञानपत्रिकेने नाकारला. मग १९५६ साली तो छापला कुक्कुटपालनाच्या पत्रिकेत. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतला एक पायाभूत शोध काही वर्षं कोंबड्यांच्या खाद्यावरच्या लेखांशेजारी पडून होता.

पुढे १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी दाखवलं, की छातीत हृदयाच्या वर असणारी थायमस ग्रंथी नवजात उंदरातून काढली, तर त्याची रोगप्रतिकारशक्ती कोलमडते. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवर काम करून दोन्ही धागे जुळवले. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या दोन शाखा आहेत. थायमसमध्ये तयार होतात त्या टी-पेशी आणि बर्सामध्ये तयार होतात त्या बी-पेशी. माणसाला बर्सा नसतो, आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीत, तयार होतात. पण नाव कोंबडीकडून आलेलंच राहिलं.

आता खरा प्रश्न. या सगळ्या पेशी अस्थिमज्जेतल्या एकाच प्रकारच्या मूळ पेशींपासून जन्मतात. प्रत्येकीच्या आत जनुकांची पोथी जवळपास सारखीच. मग एकीने बी व्हायचं, दुसरीने टी, तिसरीने जंतू गिळणारी न्यूट्रोफिल, हे ठरतं कसं? आणि त्याहून महत्त्वाचं, कधी? शाळेत मुलाला पाचवीचा अभ्यास पाचवीतच द्यावा लागतो. पेशींचंही तसंच आहे. एकेका टप्प्यावर एकेक काम चालू व्हावं लागतं आणि पुढच्या टप्प्यावर ते थांबावंही लागतं.

माझ्या पद्धतीने सांगते. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, ते मूळ दप्तर. दप्तर बाहेर जात नाही. त्यातल्या हव्या त्या हुकमाची नक्कल करून बाहेर पाठवतात. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. बाहेर कारखान्यात ती नक्कल वाचून प्रथिन तयार होतं, आणि प्रथिनं पेशीचं काम करतात. बरीच वर्षं शास्त्रज्ञांचा समज असा होता, की कारभार मुख्यतः दप्तरखान्याच्या दारातच चालतो. कुठल्या हुकमाची नक्कल काढायची आणि कुठल्याची नाही, एवढं ठरवलं की झालं. नक्कल बाहेर पडल्यावर तिच्यावर कुणी ‘आता पुरे’ अशी चिठ्ठी चिकटवत असेल, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ती चिठ्ठी सापडली एका जंताच्या अंगात.

केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात मिलिमीटरभर लांबीचा, मातीत राहणारा एक पारदर्शक जंत अभ्यासाला घेतला. नाव ‘सी. एलेगन्स’. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याची पेशी न् पेशी कुठून आली, त्याची वंशावळ मांडली. प्रौढ जंतात शरीराच्या ९५९ पेशी. इतक्या नेमक्या, की एखादी जास्त झाली तरी कळावं. ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्व्हिट्झ या तिघांना त्यासाठी २००२ साली नोबेल मिळालं.

हा जंत मोठा होताना चार इयत्ता पार करतो. पण काही जंतांत बिघाड दिसला. ‘लिन-४’ नावाचं जनुक बिघडलेले जंत पहिल्या इयत्तेतली कामं पुन्हा पुन्हा करत बसत. वय वाढायचं, पण अभ्यास पहिलीचाच. ‘लिन-१४’ हे जनुक निकामी झालेले जंत उलट पहिली इयत्ता गाळून थेट दुसरीची कामं करायला लागत. आमच्या शाळेत दोन्ही प्रकारची मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा भाग मला पहिल्या फटक्यात समजला.

अँब्रोस आणि रुव्हकुन दोघेही हॉर्व्हिट्झ यांच्या एमआयटीतल्या प्रयोगशाळेत काम करून मग स्वतंत्र झाले. अँब्रोस यांनी लिन-४ घेतलं, रुव्हकुन यांनी लिन-१४. अँब्रोस, त्यांच्या पत्नी रोझालिंड ली आणि सहकारी रोंडा फाइनबॉम लिन-४ पासून होणारं प्रथिन शोधत होते. ते सापडेना. शेवटी लक्षात आलं, की प्रथिन नाहीच. हे जनुक फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा तयार करतं. (६१ अक्षरांचा एक मोठा तुकडाही सापडला, त्यातूनच हा लहान कापला जातो.) इकडे रुव्हकुन यांना दिसलं होतं, की लिन-१४ ची नक्कल तर निघते, पण प्रथिन अडतं, आणि ही अडवणूक नकलेच्या शेपटाकडच्या भागात होते. जून १९९२ मध्ये एका संध्याकाळी दोघांनी आपापल्याकडची अक्षरं एकमेकांना कळवली. लिन-४ ची अक्षरं लिन-१४ च्या शेपटातल्या अक्षरांशी जुळत होती, कुलपाला किल्ली जुळावी तशी. चिठ्ठी नेमकी कुठे चिकटते, ते कळलं.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या पत्रिकेच्या एकाच अंकात दोघांचे निबंध आले. आणि पुढे? फारसं काही नाही. हे एका जंताचं वेडेपण आहे, माणसाशी याचा काय संबंध, असं बहुतेकांना वाटलं. अशी सात वर्षं गेली.

२००० साली रुव्हकुन यांच्या गटाला असाच दुसरा तुकडा मिळाला, ‘लेट-७’. त्यांनी तो इतर प्राण्यांत शोधला. माशीत होता, माशात होता, कोंबडीत होता, माणसातही होता. कोट्यवधी वर्षांत जवळजवळ एक अक्षर बदललेलं नव्हतं. मग मात्र धावाधाव. २००१ मध्ये तीन गटांनी अशा अनेक तुकड्यांची यादी प्रसिद्ध केली आणि ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झालं. आज माणसात असे हजाराहून जास्त तुकडे नोंदले गेले आहेत.

इथे एक खुलासा करते, कारण तो मला फार आवडला. ही चिठ्ठी दिवा विझवत नाही. कंदिलाची वात थोडी खाली करावी, तसं करते. प्रथिनाचं प्रमाण बहुतेक वेळा थोडंसंच कमी होतं. पण एक चिठ्ठी शेकडो वेगवेगळ्या नकलांवर बसू शकते. एकाच वेळी घरभरच्या वाती थोड्या थोड्या खाली केल्या, तर सगळ्या घराचा रंग बदलतो.

आता पुन्हा रक्ताकडे वळू. २००४ मध्ये बोस्टनजवळच्या व्हाइटहेड संस्थेत चांग-झेंग चेन, हार्वे लोडिश आणि डेव्हिड बार्टेल यांनी उंदरांच्या अस्थिमज्जेत कुठल्या चिठ्ठ्या आहेत ते पाहिलं. त्यांत एक होती ‘मिर-१८१’, मज्जेतल्या बी-पेशींमध्ये जास्त आढळणारी. ती त्यांनी अजून काहीच न ठरलेल्या मूळ पेशींमध्ये मुद्दाम वाढवली. त्या पेशींपासून बी-पेशी होण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. जंतातली वेळापत्रक पाळणारी युक्ती आपल्या रक्तातही चालते, याचा तो पहिला ठळक पुरावा.

मग प्रश्न उलटा विचारला गेला. चिठ्ठ्या कापणारी कात्रीच काढून घेतली तर? या कात्रीचं नाव डायसर. लांब तुकडा कापून ती २२ अक्षरांची चिठ्ठी तयार करते. २००५ पासून वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या ठरावीक पेशींतून डायसर काढून पाहिलं. टी-पेशी संख्येने कमी झाल्या, उरल्या त्याही बिघडलेल्या. २००८ मध्ये बी-पेशींत हेच केलं, तर त्या एका ठरावीक पायरीवर जवळजवळ सगळ्या अडकल्या. त्या पायरीवर पोचलेल्या पेशी मरत होत्या. ‘मिर-१७ ते ९२’ नावाचा चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा एका मारक प्रथिनाला तिथे आवर घालतो. तो गठ्ठा नसला की वाढत्या पेशीला पुढच्या वर्गात जाण्याइतकी उसंतच मिळत नाही. आणि हाच गठ्ठा जास्त झाला, तर मरायला हव्या त्या पेशीही जगतात आणि उंदराला स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार होतो. कमीही नको, जास्तही नको.

‘मिर-१५०’ ची गोष्ट नुसत्या वेळेची आहे. पूर्ण वाढलेल्या बी आणि टी-पेशींत ही चिठ्ठी भरपूर असते, कच्च्या पेशींत अगदी कमी. २००७ मध्ये लोडिश आणि बार्टेल यांच्या गटाने ती कच्च्या पेशींत आधीच आणून ठेवली. बी-पेशींची वाढ खुंटली. चिठ्ठी तीच, मजकूर तोच, फक्त आली अवेळी. ‘मिर-२२३’ ही न्यूट्रोफिल या शिपाई पेशींची चिठ्ठी. २००८ मध्ये ती काढून टाकलेल्या उंदरांत न्यूट्रोफिल वाढल्या, शिवाय त्या इतक्या तापट झाल्या, की फुप्फुसांना आपोआप सूज येऊ लागली. ज्या चिठ्ठीचं काम शिपायांना शांत ठेवणं, ती नसली की शिपाई आपल्याच वाड्यावर चालून जातात.

आणि कोंबड्या? त्या परत आल्या. १९८९ च्या सुमारास विल्यम हेवर्ड आणि सहकाऱ्यांना कोंबड्यांच्या त्याच बर्सा पिशवीतल्या कर्करोगात एक जागा सापडली होती. विषाणू तिथे जाऊन बसला, की पेशी बेफाम वाढायला मदत व्हायची. तिथल्या जनुकाला नाव दिलं ‘बिक’. या बिकपासून प्रथिन काही मिळेना. आता तुमच्या लक्षात आलं असेलच! बिकच्या पोटात एक चिठ्ठी होती, ‘मिर-१५५’. २००७ मध्ये एक गट इंग्लंडमधला आणि एक अमेरिकेतला, दोघांनी मिर-१५५ नसलेले उंदीर तयार केले. त्यांची संरक्षणव्यवस्था लुळी पडली होती. लस टोचली तरी तिचा हवा तेवढा उपयोग होईना, कारण बी-पेशींचं वरच्या इयत्तेचं शिक्षण जिथे होतं तिथेच घोळ होता. फॅब्रिशियसची पिशवी, चँगचं फसलेलं प्रात्यक्षिक, कोंबडीचा कर्करोग आणि लस न लागणारा उंदीर हे सगळे एका धाग्यात आले. इतिहासाच्या माणसाला याहून दुसरं काय हवं?

आता ते वर्तमानपत्राचं कात्रण का ठेवलं, ते सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीला गेली बावीस वर्षं संधिवात आहे. वयाने होणारी गुडघेदुखी नव्हे. डॉक्टर ज्याला र्‍हुमॅटॉइड म्हणतात तो. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच सांध्यांना परके समजून हल्ला करतात. ती हार्मोनियम वाजवायची, आता तिची बोटं वाकडी झाली आहेत. एकदा फोनवर मला म्हणाली, “अक्का, बाहेरचा शत्रू असता तर समजलं असतं गं. माझंच अंग माझ्यावर का उलटलं? मी कुणाचं काय वाईट केलं होतं?” त्या शेवटच्या प्रश्नाने मी फार अस्वस्थ झाले. नातेवाइकांतल्या काहींनी पूर्वजन्म, कुणाची नजर, देवाचं राहून गेलेलं काही, असं बरंच तिच्या कानावर घातलेलं आहे. त्यातले काही जण हा लेख वाचतील, हे मला ठाऊक आहे. वाचावाच.

तिच्या प्रश्नाचं उत्तर थायमसमधल्या परीक्षेत शोधावं लागतं. टी-पेशी थायमसमध्ये शिकतात. तिथे त्यांना शरीराच्याच प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात. जी पेशी स्वकीयांवर जोरात तुटून पडते, तिला तिथेच मरावं लागतं. ही परीक्षा इतकी कडक असते, की नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी त्यातून बाहेर येत नाहीत. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं, की या शिकाऊ पेशींत मिर-१८१ जास्त असते आणि तिच्यामुळे त्यांचे कान तिखट होतात. अगदी हलका इशाराही त्यांना ऐकू जातो, म्हणून स्वकीयांवर चिडणारी पेशी परीक्षेत पकडली जाते. पेशी मोठी होऊन बाहेर पडली, की ही चिठ्ठी कमी होते आणि कान थोडे मंद होतात, म्हणजे बाहेर गेल्यावर ती उगाच चिडत नाही. २००९ मध्ये याच गटाने असंही दाखवलं, की ही चिठ्ठी नसेल तर परीक्षेतून सुटू नये अशी पेशी सुटते, आणि पुढे ती स्वकीयांवर चालून जाऊ शकते.

परीक्षेतून निसटलेल्यांना आवरण्यासाठी बाहेर एक दुसरं दल असतं, नियामक टी-पेशींचं. त्यांच्याविषयीच्या शोधांसाठी मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. २००८ मध्ये काही गटांनी उंदरांच्या फक्त या नियामक पेशींतून डायसरची कात्री काढली. ते उंदीर स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या आजाराने मेले. आवरणाऱ्यांनाही चिठ्ठ्या लागतातच.

संधिवाताबद्दल विचाराल, तर २००८ मध्ये रुग्णांच्या सांध्यांतल्या ऊतींत मिर-१५५ वाढलेली आढळली. २०११ मध्ये मिर-१५५ नसलेल्या उंदरांना प्रयोगशाळेत संधिवात जडवण्याचा प्रयत्न केला, तो जडला नाही. म्हणजे लस लागायला जी चिठ्ठी हवी, तीच सांध्यांच्या आजारात हात पोळते.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मग यावर औषध निघालं का?” मी खरं तेच सांगितलं. अजून नाही. चिठ्ठीसारखी कृत्रिम चिठ्ठी देण्याचा एक प्रयत्न कर्करोगाच्या रुग्णांवर झाला होता, पण काहींची संरक्षणव्यवस्थाच बिथरल्यामुळे २०१६ मध्ये तो थांबवावा लागला. एक चिठ्ठी शेकडो नकलांवर बसते, हा तिचा गुण औषध करताना अडचण होऊन बसतो. त्यामुळे तिने तिच्या डॉक्टरांची आठवड्याची गोळी चुकवायची नाही, हे मी बजावलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.” मी म्हटलं, नाही गं. शरीरात रोज असंख्य पेशी शिकून बाहेर पडतात, त्यांच्या परीक्षेत कुठेतरी थोडं कमी-जास्त झालं. त्यात तुझं, आईचं, देवाचं कुणाचंच काही नाही.

बातमी कापून ठेवली ती एवढ्यासाठी.

शेवटी आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली लहान बाळांची. पोटातल्या बाळाची संरक्षणव्यवस्था मोठ्या माणसाच्या व्यवस्थेची छोटी आवृत्ती नसते, तिच्यात वेगळ्याच जातीच्या पेशी जास्त तयार होतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे स्टीफन मुल्जो यांच्या गटाला यामागची कळ सापडली. बाळाच्या रक्ताच्या मूळ पेशींत ‘लिन-२८ बी’ नावाचं प्रथिन असतं, ते लेट-७ या चिठ्ठीला तयार होऊ देत नाही. मोठ्या उंदराच्या पेशींत त्यांनी लिन-२८ बी चालू केलं, तर त्या बाळाच्या जातीच्या पेशी बनवू लागल्या! लिन-२८ आणि लेट-७ ही जोडी कुठली? त्याच जंताची. जंताने कुठल्या इयत्तेत असावं ते ठरवणारी जोडी आपल्या रक्ताचं बाळपण कधी संपावं, त्यातही हात राखून आहे. ज्याला जंताचं वेडेपण म्हणून सात वर्षं बाजूला ठेवलं, ते असं घरातलंच निघालं.

दुसरी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. २०१२ मध्येच असंही दिसलं, की वय वाढतं तशी माणसाच्या टी-पेशींतली मिर-१८१ कमी होत जाते, आणि त्या पेशींना इशारे कमी ऐकू येतात. म्हातारपणी लशी कमी लागू पडतात, त्यामागचं हे एक कारण. माझ्या कानांसारखंच माझ्या पेशींचंही झालं आहे म्हणायचं. म्हणून फ्लूची लस टाळायची नाही, उलट जी मिळते ती वेळेवर घ्यायची.

इतिहास शिकवताना मी मुलांना लढाया सांगितल्या, तह सांगितले, कोण जिंकलं ते सांगितलं. कुणी कधी थांबलं, हे मात्र पुस्तकात क्वचितच असायचं. थांबणं ही दखल घेण्याजोगी घटनाच वाटत नाही. अँब्रोस आणि रुव्हकुन यांनी जे शोधलं ते थांबवणं. एक साधा हुकूम वेळेवर परत घेतला जातो, म्हणून जंत पहिलीतून दुसरीत जातो आणि आपल्या रक्तातली कच्ची पेशी शहाणी होते. हे शोधायला कुणीतरी वर्षानुवर्षं बशीतल्या जंतांना जिवाणू खाऊ घालत बसलं, प्रथिन सापडत नाही म्हणून काम सोडून न देता. आमच्या लहानपणी असल्या माणसाला ‘रिकामटेकडा’ म्हणायचे.

असो. लेख फार लांबला. घरात दोन डॉक्टर भाचे आहेत, त्यांनी वाचून काही सांगायचं असेल तर खाली जरूर लिहावं. आणि माझ्या बहिणीला फोन कराल तेव्हा पूर्वजन्माचा विषय काढू नका. हार्मोनियमचा काढा. सूर अजून तिच्या कानात पक्के आहेत.